भरताना बोलायचं नाही

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



रायगड पाहायला येणारे बरेच लोक आमच्या हिरकणीवाडीला उतरतात. १९९६ साली इथे रोपवे झाला, तेव्हापासून वाडीतली वर्दळ वाढली. पाळण्यात बसायचं, काही मिनिटांत वर पोचायचं, राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर आणि महाराजांची समाधी बघायची आणि संध्याकाळच्या आत खाली यायचं. आज मला त्या गडाविषयी थोडं आणि पिस्तुलाविषयी जास्त बोलायचं आहे. पिस्तूल म्हटल्यावर दचकू नका. हे खेळातलं पिस्तूल. कागदावरच्या काळ्या वर्तुळावर ज्यानं नेम धरतात ते.

निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती महाडला अकरावीत शिकते. तिचे आईवडील वाडीत छोटी खानावळ चालवतात. गडावरून उतरलेल्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढतात. पोरगी दोन वर्षं दहा मीटर एअर पिस्तूलची नेमबाजी करते आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पनवेलला नातेवाइकांकडे राहून तिनं धडे घेतले, एरवी घरीच सराव करते. हात बरा आहे. आता तिला पंचवीस मीटरचं पिस्तूल खुणावतं आहे. एअर पिस्तुलात हवेच्या दाबानं साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा उडतो. पंचवीस मीटरला मात्र खरं काडतूस लागतं. तिनं काडतुसांच्या किमतीची चौकशी केली आणि चेहरा पाडून माझ्याकडे आली.

म्हणाली, "मामा, काडतुसं एवढी महाग, तर आपण घरीच का भरत नाही? धाकटा मामा भरतो की!"

धाकटा मामा म्हणजे माझा भाऊ. तो अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याला पिस्तुलाचा नाद आहे आणि तो स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. त्यानं फोनवरून तिला आपलं टेबल दाखवलं होतं. मुंबईत नोकरीला असताना मीही वरळीच्या रेंजवर बरीच वर्षं पिस्तूल चालवलं. राज्य स्पर्धेच्या पुढे माझी मजल गेली नाही, पण खेळ जवळून पाहिला. त्यामुळे तिनं मलाच विचारणं साहजिक होतं. मी तिला म्हटलं, "बस खाली. आधी तुझ्या पणजोबांची गोष्ट ऐक."

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीचा रीतसर परवाना होता. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात नाचणी-वरी पिकवणाऱ्याला रानडुकराचा आणि वानरांचा त्रास किती, हे वेगळं सांगायला नको. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक झाली की परत आणायची. ती नेण्या-आणण्याचंसुद्धा आम्हा पोरांना केवढं कौतुक होतं!

ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसतं. दर वेळी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा, तो गजानं ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागच्या बाजूला केप बसवायची. आजोबांचं दारूचं माप म्हणजे बांबूची एक बोटभर नळी. तिच्यावर त्यांनी चाकूनं खूण केली होती. त्या खुणेच्या वर नाही आणि खालीही नाही. भरायला बसले की तोंडाला कुलूप. कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. नंतर सांगायचे, "भरताना बोलायचं नाय. एक तर भर, नाय तर बोल."

१९७७ सालची गोष्ट. नाचणी कणसावर आली होती. संध्याकाळी आजोबा पडवीत बंदूक भरत होते. मी सहावीत होतो. वरच्या शेताकडून धावत आलो आणि अंगणातूनच ओरडलो, "आजोबा, डुकरं शिरली!" ते उठले, अंगणात आले, कुठून शिरली, किती आहेत विचारलं आणि परत आत गेले. दारू भरून झाली होती की नव्हती, हे त्या घाईत त्यांच्या ध्यानातून निसटलं. पुन्हा एक माप ओतलं. बंदूक जुनी, नळी झिजलेली. शेताच्या बांधावर त्यांनी चाप ओढला आणि नळी फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. डोळे वाचले, हे नशीब.

ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बरे झाल्यावर बंदूक ठाण्यात जमा केली, ती पुन्हा आणली नाही. पण हाक मारणारा मी होतो, हे मी विसरलो नाही. माझा भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. त्यानंही ते पाहिलं.

आता टेक्सासकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या गॅरेजमध्ये एक लांब टेबल, त्याला घट्ट बसवलेलं हाताच्या दांड्याचं दाबयंत्र, शेजारी तराजू. तिथे हा प्रकार कायदेशीर आहे आणि हजारो हौशी लोक तो करतात.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाच्या मध्यभागी बसवलेली पेटवणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी उडते, दारू जळते, टोपी वाया जाते, पण पुंगळी शिल्लक राहते. चारांत महाग वस्तू तीच. म्हणून हौशी नेमबाज रेंजवरच्या आपल्या पुंगळ्या वेचून घरी आणतात, धुऊन-पुसून स्वच्छ करतात. गोळी उडताना आतल्या दाबानं पितळ फुगतं, म्हणून पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाची करतात. जुनी टोपी काढून नवी बसवतात, दारू घालतात, गोळी बसवून तोंड आवळतात. पुंगळी पुन्हा तयार. चिरलेली किंवा तडा गेलेली दिसली तर भंगारात.

यात पैसे वाचतात, हे खरं. पण मुरलेला नेमबाज केवळ पैशासाठी भरत नाही. त्याला हवा असतो सारखेपणा. पंचवीस मीटरवर गोळी फार जोरात जाण्याची काही गरज नाही. उलट काडतूस जितकं सौम्य, तितका पिस्तुलाचा झटका कमी आणि हात पुन्हा नेमावर लवकर येतो. पण ते सौम्य काडतूस पहिल्यापासून साठाव्यापर्यंत सारखंच सौम्य पाहिजे. एक जरा जोरात गेलं आणि दुसरं जरा हळू, तर नेमबाजाचा हात स्थिर असूनही कागदावर गोळ्या वरखाली लागतात. दोष कुणाचा, हेच मग त्याला कळत नाही. सेंटर फायर पिस्तूल नावाचा प्रकार आहे, त्यात बत्तीस बोअरची काडतुसं लोकप्रिय आहेत. त्यांच्या गोळीचं नाक मुद्दाम सपाट ठेवतात. टोकदार गोळी कागद फाडते, सपाट गोळी पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते. गोळी वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून भोक स्वच्छ पडण्याला महत्त्व. याच प्रकारात २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी ६०० पैकी ५९० गुण करून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले. यावरून सारखेपणा म्हणजे काय, याची कल्पना यावी.

आपल्याकडे सोनार पूर्वी गुंजेच्या लाल-काळ्या बियांनी सोनं तोलत. इंग्रजी 'ग्रेन' हे माप त्या गुंजेच्या साधारण निम्मं. दारू ग्रेनमध्ये मोजतात. हलक्या पिस्तुलाच्या काडतुसात ती जेमतेम एक-दोन गुंजांच्या वजनाची असते. पुंगळी मात्र तिच्या मानानं मोठी. आत बरीच जागा रिकामी राहते. आणि धोका आहे तो या रिकाम्या जागेतच. चुकून दुसऱ्यांदा दारू पडली, तरी ती पुंगळीत सहज मावते, बाहेर सांडत नाही. वरून गोळी बसली की कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो पिस्तूल हातात फुटल्यावर.

याच्या उलटही होतं. दारू घालायचीच राहून गेली, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी पुढे सरकते आणि नळीत अडकते. आवाज फुसका येतो. अशा वेळी जो थांबला तो वाचला. ज्यानं घाईघाईत पुढची गोळी झाडली, त्याची नळी गेली, कदाचित हातही. म्हणून रेंजवर नवख्याला शिकवतात, की आवाज वेगळा आला तर थांब, पिस्तूल समोरच रोखलेलं ठेव आणि रेंज अधिकाऱ्याला हाक मार.

भाऊ भरायला बसला तेव्हा मी शेजारी खुर्चीवर होतो. टेबलावर दारूचा एकच डबा, दुसरा नाही, म्हणजे अदलाबदल नको. दारू घातलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या. गोळ्या बसवण्याआधी तो दिवा जवळ घेऊन एकेका पुंगळीत डोकावत होता. मी सवयीनं गावाकडचं काहीतरी विचारलं. त्यानं मान वर केली नाही. शेवटची पुंगळी बघून झाली, मग म्हणाला, "दादा, भरताना बोलायचं नाही."

मला क्षणभर पडवीच दिसली. तिथल्या हौशी लोकांच्या पुस्तकांतही हाच नियम पहिल्या काही पानांत असतो, की भरताना रेडिओ नको, टीव्ही नको, गप्पा नकोत. आजोबांनी ती पुस्तकं पाहिली नव्हती. पण धोका एकच, त्यामुळे नियमही एकच निघाला.

मग भाचीला मी काय सांगितलं? सांगितलं, की आपल्याला हे करता येणार नाही. एक नाही, दोन कारणांनी.

पहिलं कारण कायद्याचं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्रं किंवा काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. अंगणात भात कांडावं तशी काडतुसं भरता येत नाहीत. पोरगी जरा नाराज झाली. तिला वाटलं, सरकार उगाच अडवतं. मी तिला म्हटलं, "उद्या गडावर जाऊ, तिथे एक जागा दाखवतो."

गडावर बारा टाक्यांच्या बाजूला दारूकोठाराचे अवशेष आहेत. पर्यटक तिकडे फारसे जात नाहीत. १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेनं रायगडाला वेढा घातला. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या. तोफगोळ्यांनी गडावर आगी लागल्या, दारूकोठार उडालं, वाडे जळाले. १० मे रोजी गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. एवढा अवघड गड, पण दारूला ठिणगी लागल्यावर तटबंदीचा उपयोग राहिला नाही.

हा धोका आपल्या जुन्या लोकांना पुरता ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत. दारूखाना घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याच्या अंगाला नसावा, सदरेपासून दूर असावा, भोवती झाडांचं दाट कुंपण असावं. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, उन्हं द्यावी आणि पुन्हा मोहर करून ठेवावी. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून माणूस जवळ येऊ देऊ नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मजकूर. म्हणजे दारू कुणी हाताळायची, कुठे ठेवायची आणि जबाबदार कोण, याचा नियम आपल्याकडे इंग्रजांनी आणलेला नाही. उन्हं देण्यामागचं कारण तर आम्हा वाडीकरांना लगेच कळतं. जून ते सप्टेंबर इथे भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं. दारूचंही तेच होणार.

कोठाराच्या दगडांजवळ उभी राहून भाची म्हणाली, "म्हणजे घरात ठेवायची वस्तूच नाही ही." मी म्हटलं, "बरोबर. आता दुसरं कारण ऐक."

दुसरं कारण यंत्राचं. तिला जो प्रकार खेळायचा आहे, महिलांचं पंचवीस मीटर पिस्तूल, त्यात पॉइंट बावीसची काडतुसं वापरतात. या काडतुसाला बुडाच्या मध्ये वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, आतून भरलेला असतो. घोडा त्या कडेवर आपटतो, कड चेपते आणि काडतूस उडतं. एकदा चेपलेली कड पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. म्हणजे अमेरिकेतला धाकटा मामासुद्धा हे काडतूस घरी भरत नाही, विकतच आणतो. ऑलिंपिकमधले काडतुसांचे पिस्तूल प्रकार, पुरुषांचं रॅपिड फायर आणि महिलांचं पंचवीस मीटर, दोन्ही याच काडतुसाचे. २०१२ ला लंडनमध्ये विजय कुमार यांनी रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेही याच काडतुसांवर.

मग इथे सारखेपणा कसा साधायचा? मोठे नेमबाज काडतुसं भरत नाहीत, निवडतात. कारखान्यात एका वेळी बनलेल्या मालाला एक क्रमांक असतो, त्याला लॉट म्हणतात. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं असली तरी एक लॉट तुमच्या नळीला मानवतो, दुसरा मानवत नाही. म्हणून वेगवेगळे लॉट झाडून बघायचे, ज्याच्या गोळ्या सगळ्यांत जवळ-जवळ पडतात तो पकडायचा आणि जमेल तेवढा साठा त्याच लॉटचा घ्यायचा. इंग्लंडमधली ईली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या कंपन्यांची नावं नेमबाजांच्या तोंडी असतात. आपल्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. पण स्पर्धेच्या दर्जाच्या पॉइंट बावीस काडतुसांसाठी आपला खेळाडू प्रामुख्यानं बाहेरच्या मालाकडेच बघत आला.

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पात्रता फेरीला साठ गोळ्या लागतात, पण सरावाला किती? रोज शंभर धरल्या आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर तीस हजार. शिवाय पूर्वी परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची यालाही आखूड मर्यादा होती. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं नेमबाजांसाठी पॉइंट बावीसची वार्षिक मर्यादा १,००० वरून ५,००० केली. हे चांगलंच झालं. पण मर्यादा वाढली म्हणून खिसा वाढत नाही. पिठलं-भाकरीच्या खानावळीतून हजारो आयात काडतुसं कशी यायची? पोरीच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न हाच होता. या खेळात गुणवत्तेची पहिली चाळणी पुष्कळदा काडतुसांची किंमतच लावते.

पण त्यावर मार्ग काढलेले लोक आपल्याच महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि आपल्याच मातीतल्या अनिसा सय्यद, या दोघींनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलच्या जोडीत सुवर्णपदक मिळवलं. अनिसांनी वैयक्तिक सुवर्णही घेतलं. चार वर्षांनी ग्लासगोला राही पहिल्या आणि अनिसा दुसऱ्या. मधे २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत राहींनी सुवर्ण जिंकलं. पुढे कोपराच्या दुखापतीनं त्यांना मागे खेचलं. त्यातून त्या उठल्या.

२२ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियात पालेमबांगला आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी. या फेरीत गोळी ठरलेल्या वर्तुळात लागली तर एक गुण, नाही लागली तर शून्य. मधलं काही नाही. पात्रता फेरीत ५९३ गुण करून पुढे असलेली मनू भाकर अंतिम फेरीत सहावी आली. इतकी ही फेरी निष्ठुर. शेवटी राही आणि थायलंडची नफासवान यांगपैबून, दोघींचे ३४-३४ झाले. बरोबरी सोडवायला पाच-पाच गोळ्या दिल्या. ४-४. पुन्हा पाच-पाच. राही तीन, प्रतिस्पर्धी दोन. सुवर्णपदक. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

त्या शेवटच्या पाच गोळ्यांचा विचार करा. पंचवीस मीटरच्या वेगवान फेरीत हात खाली ठेवून उभं राहायचं, सात सेकंदांनी लक्ष्य दिसतं आणि तीन सेकंदच टिकतं. तेवढ्यात हात उचलायचा, पुढची खूण मागच्या खाचेत आणायची आणि किमान एक किलोचा दाब लागणारा चाप हिसका न देता ओढायचा. काडतूस दोघींचंही चांगलंच होतं. फरक पडला तो हाताच्या सारखेपणाचा.

आणि हा सारखेपणा काडतुसाशिवायही कमावता येतो. नेमबाज त्याला ड्राय फायर म्हणतात, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा सराव. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, समोर कोरी भिंत घ्यायची, हात उचलायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा आणि चाप सुटताना पुढची खूण हलली का ते बघायचं. हलली तर चूक, नाही हलली तर बरोबर. गोळी नसते, आवाज नसतो, झटका नसतो, त्यामुळे चूक लपत नाही. जगातले मोठे नेमबाज हा सराव सोडत नाहीत. याचा खर्च शून्य.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की काडतूस भरता येत नाही तर हात भर. एअर पिस्तूल दोन वर्षं आणखी धर. साडेचार मिलिमीटरच्या, ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, छर्रे परवडतात आणि दहा मीटरवरचा दहाचा ठिपका जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचा असतो. त्यावर जिचा हात स्थिरावला, तिला पंचवीस मीटरच्या काडतुसांचा पहिला डबा वाया घालवावा लागत नाही. मग मावळंकर स्पर्धा आहे. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती तेच. त्यांचं घराणं मूळचं आपल्या कोकणातलं, संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचं. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून जाते, हे मी तिला मुद्दाम सांगितलं.

आता श्रोत्यांसाठी एक गोष्ट. आपल्या रायगड जिल्ह्यात पनवेलला सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला, पुण्यात बालेवाडीला रेंज आहे, मुंबईत वरळीला आहे. पण महाड-पोलादपूरच्या मुलाला यातलं काहीच रोज जाण्याच्या अंतरावर नाही. दहा मीटरची एअर रेंज करायला फार मोठा खर्च नाही. शाळेचं एखादं लांबट सभागृह, मागे छर्रे अडवणारी भक्कम आड, नीट उजेड आणि शिस्त लावणारा एक माणूस. आमच्या तालुक्यात फौजी आंबवड्यासारखं गाव आहे, जिथे घरोघरी सैनिक झाले. शस्त्र कसं धरावं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी खाली ठेवावं, हे शिकवणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. एखाद्या शाळेनं, एखाद्या ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर काडतुसांच्या किमतीपाशी अडलेली कितीतरी मुलं निदान उंबऱ्याच्या आत तरी येतील.

परवा संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो होतो. पडवीत पोरगी भिंतीकडे तोंड करून रिकामं पिस्तूल धरून उभी होती. मांडीवर वही नाही, कानात गाणी नाहीत. आईनं आतून तीनदा हाक मारली, गिऱ्हाईकं आली होती, भाकऱ्या थापायच्या होत्या. पोरीनं मान वळवली नाही. बहीण वैतागून मला म्हणाली, "दादा, बघ, ओ सुद्धा देत नाही."

मी तिला म्हटलं, "पाच मिनिटं थांब. मी थापतो भाकऱ्या." आणि आत गेलो. त्या पडवीत हाक मारायची माझी तर हिंमतच नव्हती.